पावसाळ्यात घाटातून गाडी नेताना

घाटमाथा

गणपतीच्या रेल्वेगाड्यांची आरक्षणं केव्हाच भरली. म्हणजे यंदाही बरेच जण स्वतःची गाडी घेऊन कोकणात उतरणार. त्याआधी ताम्हिणी, माळशेज, आंबोलीला धबधबे बघायला जाणारे वेगळेच. म्हणून हा धागा काढतोय. पावसात घाटातून गाडी चालवण्याबद्दल ज्याला जे ठाऊक आहे ते इथे लिहा. शहरातच हात बसलेली पोरं हल्ली नवीन गाडी घेऊन थेट घाटात जातात आणि सांगणारं शेजारी कोणी नसतं. ती सुखरूप पोचावीत एवढाच हेतू.

सुरुवात मी करतो. समोर जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. माझ्या मते सगळं या एका गोष्टीवर येतं. टायर, ब्रेक, दिवे, वायपर हे सगळे त्यासाठीच.

हिशेब करून बघा. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत १ सेकंद धरला, तर ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी तेवढ्यात १७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर थांबायला कोरड्या डांबरावर साधारण २० मीटर लागतात, ओल्यावर ३५. म्हणजे एकूण ३७ मीटरचे ५२ झाले. वेग ८० असेल तर कोरड्यावर ५८ आणि ओल्यावर ८५ मीटर. हा सपाट रस्त्याचा आणि चांगल्या टायरांचा हिशेब आहे. उतारावर आणि झिजलेल्या टायरवर याहून जास्तच लागणार. माळशेजच्या धुक्यात पुढचं ३० मीटरच दिसत असेल तर ४० चा वेगही काठावरचा आहे, कारण ओल्या रस्त्यावर ४० ला २७ मीटर लागतात. आणि वळणापलीकडे म्हैस उभी आहे की दगड पडलाय हे वळण घेतल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उतार. जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. याला पर्याय नाही. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणं हा तर जिवाशी खेळ. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड गाड्यांचे अपघात का होत राहतात यावर पुष्कळ लिहून आलंय. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड गाडीने कितीतरी गाड्यांना धडक दिली होती. आपली गाडी नीट असली तरी मागून काय येतंय यावर आरशात लक्ष हवंच.

तिसरी गोष्ट निघण्याआधीची. हवामान खातं पुणे, सातारा, कोल्हापूरसाठी घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं. पुणे शहराला पिवळा आणि पुणे घाटाला लाल, असं कितीदा तरी असतं. आपण शहराचं बघतो आणि निघतो. २४ तासांत २०४.५ मिलिमीटर आणि त्यावरच्या पावसाला खातं अत्यंत मुसळधार म्हणतं. तसा अंदाज असेल त्या दिवशी घाटात जाऊ नये. लग्न असो, बारसं असो. उशिरा पोचलेल्या माणसाला घरचे चार शब्द ऐकवतील, तेवढंच.

मालवणी_मुलूख

छान धागा, काढलात ते बरं केलंत. एक मुद्दा मात्र पटत नाही. तुम्ही लिहिलेलं नाही, पण लोक हमखास सांगतात की दिवसाच जा. रात्री सुटलो काय फाटफटी (पहाटे) घराक, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. रात्री वळणापलीकडून येणाऱ्या गाडीचा उजेड आधी दिसतो, दिवसा ती थेट अंगावर येते. रहदारी कमी, ऊन नाही, पोरं झोपलेली. मुंबईहून दिवसा निघालं तर पनवेल ओलांडतानाच जीव जातो.

घाटमाथा

दादा, मुद्दा अगदी खरा आहे, पण उन्हाळ्यातला. पावसात उजेड धुक्यात पसरतो, ओल्या डांबरावर चमकतो आणि समोरून येणारी गाडी नक्की कुठे आहे ते कळत नाही. रात्री खड्डा पाण्याने भरलेला असला की तो खड्डा आहे हेच दिसत नाही. त्यात मुंबई–गोवा महामार्गावर चौपदरी काँक्रीटवरून वेगात आलेली गाडी कामाच्या ठिकाणी एकदम एकपदरी वळणावर लोटली जाते, तिथे दिवा असेलच असं नाही.

आणि महाडचा सावित्रीवरचा पूल आठवा. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानीचा पूल पुरात गेला आणि जयगड–मुंबई, राजापूर–बोरिवली या दोन एसट्या आणि आणखी गाड्या पाण्यात गेल्या. नदी महाबळेश्वरला उगम पावते. वर धो धो पाऊस झाला की महाडात रिपरिप असतानाही पाणी चढतं. अंधारात पुढे पूल आहे की नाही हे कोणाला दिसणार? नवा पूल वर्षाच्या आत बांधला, त्याचं कौतुक आहे. पण रात्री पूर असताना पुलावर गाडी घालण्याचा प्रश्न त्याने मिटत नाही.

माझं म्हणणं एवढंच की घाट आणि मोठ्या नद्या उजेडात ओलांडल्या जातील अशी वेळ ठरवा. पहाटे ४ ला मुंबई सोडली तर कशेडी, परशुराम हे दोन्ही घाट उजेडात होतात.

सुमेधा_दापोली

धाग्यात थोडी भर घालते. आम्ही इथेच राहतो, रोजचं जाणं-येणं आहे.

शहरातून येणाऱ्यांना लाल मातीचा अंदाज नसतो. जुलैत चिखलणी सुरू असते. पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतात आणि चाकांचा चिखल वळणावरच पडतो. वर बारीक सर आली की तो चिखल तुपासारखा होतो. त्यावर ब्रेक दाबला की गाडी पुढे सरळ निघून जाते, स्टिअरिंग कितीही फिरवा. असा लाल पट्टा दिसला की त्याच्या आधीच वेग उतरवून घ्यायचा आणि त्यावर असताना काहीच करायचं नाही, ना ब्रेक, ना जोरात वळवणं.

रस्त्याच्या कडेला हिरवट दिसतं ते शेवाळ असतं. समोरच्याला वाट द्यायला तिथे एक चाक उतरवलं की ते फिरत राहतं. पलीकडे साइडपट्टी आहे असं वाटतं, पण पावसाने खालची माती गेलेली असते आणि वर गवत तेवढं उरतं.

आणि गुरं. रात्री डांबर शेतापेक्षा कोरडं आणि उबदार असतं, माशा कमी असतात, म्हणून ती भर रस्त्यात बसतात. काळ्या म्हशीला पावसाळी रात्री काहीच परावर्तन नसतं, डोळे चमकले तर चमकले. वस्ती जवळ आली की वेग कमी, हे गाव ओळखीचं असलं तरी.

साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलावरून, पाणी वाहत असेल तर गावातल्या माणसाला विचारा. मी इथली असूनही विचारते. त्यांना कुठला कठडा गेल्या वर्षी वाहून गेला हे माहीत असतं.

२८ जुलै २०१८ दापोलीकर कधी विसरणार नाहीत. आंबेनळी घाटात कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, ३० जण गेले आणि एकच वाचले. इथल्या कितीतरी घरांत अजून त्या घाटाचं नाव घेत नाहीत. म्हणून कोणी "आमचा काय रोजचा घाट आहे" असं म्हणालं की मला भीती वाटते.

डेपोतली_पोर

माझे बाबा एसटीत चालक होते. कुंभार्ली आणि आंबा घाटात बहुतेक नोकरी झाली. आज हा धागा त्यांना वाचून दाखवला. ते जे बोलले ते लिहिते.

डोंगराच्या बाजूने येणाऱ्या पाण्याचा रंग बघायचा, हे पहिलं. स्वच्छ पाणी रोजचंच. त्यात माती मिसळायला लागली, बारीक खडे उड्या मारत रस्त्यावर यायला लागले, कालपर्यंत सरळ असलेलं झाड किंवा विजेचा खांब कललेला दिसला, रस्त्याला लांब भेग दिसली, की तिथे पुढे जायचं नाही. मागे मोकळ्या जागेपर्यंत गाडी घ्यायची आणि मागच्यांनाही थांबवायचं. मोठा दगड यायच्या आधी लहान येतात, असं ते म्हणतात. नेहमी येतातच असं नाही, पण आले तर समजून घ्यायला हवं.

दरडीखाली गाडी उभी करायची नाही. चहा, फोटो, मुलाला शू, काहीही असो. धबधब्याखाली गाडी लावणारे लोक बघून बाबांच्या अंगावर काटा येतो, कारण पाणी जिथून येतं तिथूनच दगड येतात.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. ओल्या चढावर भरलेली गाडी थांबली तर पुन्हा उचलताना मागे घसरते. उतरणाऱ्याला थांबणं सोपं.

एसटी वळणावर तुमच्या बाजूला आली की शिव्या देऊ नका. लांब गाडीचं मागचं चाक आत कापतं, म्हणून चालकाला बाहेरून घ्यावंच लागतं. वळणाच्या आधी थांबून तिला पूर्ण वळू द्या. कार वळणाच्या पोटात घातली की दोघंही अडकतात आणि मग मागची रांग भोंगे वाजवते.

आणि शेवटी त्यांनी फार कळकळीने सांगितलं: "एसटी पाण्यातून गेली म्हणून तू जाऊ नकोस. तिचं वजन बघ, चाक बघ. आणि एसटीलासुद्धा पुलावर पाणी असताना गाडी घालायला मनाई आहे. घालणारा चुकतोय, त्याच्यामागे जाणारा दुप्पट चुकतोय."

गॅरेज_कराड

ताई, बाबांना नमस्कार सांगा. पाण्याचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द.

लहान गाडीचा तळ जमिनीपासून साधारण १७ सेंटीमीटर असतो. तळाचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटरच्या वर. पाणी तळाच्या वर १० सेंटीमीटर चढलं की गाडीला ५०० किलोहून जास्त जोराने वर उचलतं. गाडीचं वजन ८०० ते १००० किलो. म्हणजे साधारण ३५ ते ४० सेंटीमीटर पाण्यात, गुडघ्याच्याही खाली, चाकांवरचा भार जवळजवळ संपतो. मग वाहतं पाणी तिला ढकलत नेतं, चालक चांगला असून काही होत नाही. मोठ्या गाडीला थोडं जास्त पाणी लागेल, बाकी तेच. पाणी आत शिरून गाडी जड होईपर्यंत ती कठड्यापाशी गेलेली असते.

अडकलातच तर आधी काच खाली करा. पाणी चढल्यावर दार बाहेरच्या दाबाने उघडत नाही. बिजलीच्या काचा थोडा वेळ चालतात, तो वेळ फोन लावण्यात घालवू नका. पट्टा काढा, मुलं आधी, खिडकीतून बाहेर.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. माझ्याकडे दर पावसाळ्यात अशा गाड्या येतात. हवा ओढायच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद अवस्थेत टोचन करून आणलेली गाडी बऱ्याचदा थोडक्यात सुटते, स्टार्टर मारलेली गाडी इंजिन उघडायला लावते. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. कागद आत्ताच बघून ठेवा.

टायरच्या खाचांमध्ये मध्ये मध्ये बारीक उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं. टायर झिजून त्या उंचवट्यांना टेकला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. कोकणात जाणाऱ्याने तोवर थांबू नये, त्याच्या बऱ्याच आधी बदलावा. खाचांचं काम पाणी बाहेर फेकणं हे आहे. त्या उथळ झाल्या की टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. हवा कमी असली तरी तेच होतं. स्टेपनीचीही हवा बघा, ती कोणी बघत नाही.

निखिल_चिंचवड

मला एक समजून घ्यायचंय. ताम्हिणीत काच सारखी धुरकट होत होती. एसी लावला तरी, बंद केला तरी. कोणी म्हणतं गरम हवा सोड, कोणी म्हणतं थंड. नक्की काय करायचं?

रोहिणी_वाई

निखिल, आधी काचेवर बोट फिरवून बघ, वाफ आतून आहे की बाहेरून. सगळा घोळ तिथेच होतो.

आतून असेल तर ती माणसांच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची. एसी चालू, हवेची दिशा पुढच्या काचेकडे, आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण. आतलीच हवा फिरवत ठेवली की ओल बाहेर जातच नाही. एसी हवेतली ओल काढतो, त्यामुळे तो चालू ठेवून तापमान थोडं वाढवलं तरी चालतं आणि पोरंही कुडकुडत नाहीत.

बाहेरून असेल तर काच एसीने फार गार झालेली आहे आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमतेय. तेव्हा वायपर एकदा फिरव, हवा काचेकडून पायाकडे वळव आणि एसीचं तापमान वाढव. इथे लोक उलट एसी आणखी वाढवतात आणि काच आणखी धुरकट होते.

ओल्या छत्र्या आणि रेनकोट डिकीत. काचेला आतून तेलकट थर असतो तो निघायच्या आधी पुसून घे, त्यावर वाफ जास्त धरते आणि समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. फडक्याने काच पुसत एका हाताने घाटात गाडी चालवू नकोस, शेजारच्याला पुसायला सांग.

निखिल_चिंचवड

बाहेरूनच होती! म्हणून एसी वाढवला की वाढायची. खूप आभार ताई.

शिवनेरी_फॅन

दिव्यांचा विषय कोणी काढला नाही अजून. जोराचा पाऊस आला की चारही इंडिकेटर लावून चालवणारे आता एक्स्प्रेस वेवर निम्मे झालेत. मी तर लावतो, मागच्याला दिसतं.

घाटमाथा

कृपा करून लावू नका. चारही लुकलुकत असले की तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे हे मागच्याला कळायला मार्ग राहत नाही. शिवाय त्या दिव्यांचा अर्थ "मी थांबलोय" असा आहे. सगळेच लावून पळायला लागले तर खरोखर बंद पडलेली गाडी ओळखणार कशी? घाटात बंद पडलेल्या ट्रकला मागून धडकण्याचे अपघात अशा गोंधळातही होऊ शकतात.

पावसात हेडलाइट लावा, डिप्परवर, म्हणजे खालच्या झोतावर. त्याबरोबर मागचे लाल दिवे लागतात आणि मागच्याला दिसायला तेच हवेत. इथे एक बारीक गोष्ट आहे. नव्या गाड्यांना पुढे दिवसा लागणारे पांढरे दिवे असतात, ते बघून चालकाला वाटतं आपले दिवे लागलेत. बहुतेक गाड्यांत त्यांच्याबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. राखाडी रंगाची गाडी, राखाडी पाऊस, मागे काळोख. स्विच हाताने फिरवा आणि एकदा उतरून मागे जाऊन बघा.

धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिप्पर आणि असले तर फॉग लॅम्प. डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चाला, मधली नको. मधली रेघ समोरचाही धरून येत असतो.

दोन_चाकं

दुचाकीवाल्यांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. रस्त्यावरच्या अपघातांत मरणारे सगळ्यात जास्त आमच्यातले.

पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, रस्त्यावरचे पांढरे रंगाचे पट्टे, गटाराची झाकणं, रेल्वेचे रूळ, यांवर ओलं असताना गाडी वाकलेली नको आणि ब्रेक नको. रूळ काटकोनात ओलांडा. पाण्याचं डबकं चुकवायला ऐनवेळी झोकांडी घेऊ नका, मागून कार असते. पहिल्या पावसात दोन-तीन सरी जाईपर्यंत थांबा. उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि धूळ त्या सरींत वर येते, रस्ता त्याच दिवशी सगळ्यात निसरडा असतो.

दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू. खोल पाण्यातून बाहेर आलात की थोडं अंतर ब्रेक हलका दाबत चाला, ब्रेकचे ओले लायनर सुकेपर्यंत नीट धरत नाहीत. काळा रेनकोट घेऊ नका. पोपटी किंवा नारिंगी घ्या, शोभेचा विचार नको. आणि मागे बसणाऱ्याला पण हेल्मेट हवं. घाटात दरीच्या बाजूचा कठडा कारला अडवतो, दुचाकीस्वाराला अडवत नाही.

मॉन्ट्रियलकर

इकडे कॅनडात पाऊस नाही, बर्फ. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लावावे लागतात. कारण वेगळं असलं तरी टायरची पकड सुटल्यावर काय करायचं ते दोन्हीकडे सारखंच आहे, म्हणून लिहितोय.

गाडी पाण्यावर तरंगली असं वाटलं की ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढा, ब्रेक दणकन मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा. टायर पुन्हा रस्त्याला टेकल्यावर चाकं तिरकी असतील तर गाडी त्याच दिशेला झेपावते. नजर जिथे जायचंय तिथे ठेवा, कठड्याकडे बघितलं की हात तिकडेच वळतात. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि खरंच आणीबाणीत थांबायचं असेल तर पूर्ण जोर लावून दाबून धरा. पायाखाली पॅडल थरथरतं, घाबरून सोडू नका. क्रूझ कंट्रोल पावसात बंद.

अनघा_ठाणे

आमची गाडी ऑटोमॅटिक आहे. गिअर धरून उतरायचं म्हणजे काय करायचं आम्ही?

गॅरेज_कराड

ताई, गिअर आहेतच, फक्त ते गाडी निवडते. दांड्याजवळ एल, २, एस किंवा अधिक-उणे अशी खूण बघा. ज्यात हाताने गिअर निवडता येतो त्यात उतार सुरू होण्याआधीच दुसऱ्यात टाका, तीव्र असेल तर पहिल्यात. इंजिनाचा आवाज वाढेल, घाबरू नका, तेच गाडीला मागे धरतंय. डी मध्ये ठेवून घाट उतरलात तर गाडी वरचा गिअर घेत राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. गाडीबरोबर आलेलं पुस्तक एकदा वाचा, त्यात तुमच्या गाडीचं नेमकं दिलेलं असतं. निघायच्या आदल्या रविवारी एखाद्या लहान उतारावर सवय करून घ्या.

साखळी_गोवा

चोर्ला घाटातून बेळगावकडे जाणाऱ्यांना एक सूचना. धुकं एका वळणावर नसतं आणि पुढच्या वळणावर दाट असतं. आधीच्या वेगात आत शिरू नका. आणि नकाशाचं ॲप सांगतं तो रस्ता उघडा आहे का ते विचारून घ्या.

सुमेधा_दापोली

हे फार महत्त्वाचं आहे. वरंधा घाट गेली काही वर्षं पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद ठेवतात आणि तरी लोक ॲपवर अंतर कमी दिसतं म्हणून भोरकडून आत शिरतात. वाटेत फोनला रेंज नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. ११२ सगळीकडे, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७. कागदावर लिहून गाडीत ठेवा, फोन भिजतो.

आणि अपघात दिसला तर थांबा, पण गाडी वळणावर नको. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तसं संरक्षण आहे. पोलिसांच्या कटकटीच्या भीतीने कोणी पुढे निघून जाऊ नये.

अनघा_ठाणे

अजून एक विचारते. गणपतीला ठाण्याहून देवगडला जायचंय. सासरे ७८ वर्षांचे आहेत, बरोबर लहान मुलगी. मिस्टर म्हणतात एका दमात जाऊ, रात्री निघू. सासऱ्यांना चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरी पोचायचंच आहे. काय करावं?

मालवणी_मुलूख

वहिनी, मी वर रात्रीची बाजू घेतली होती, पण तुमच्यासाठी सांगेन की एक दिवस आधी निघा आणि पहाटे. सासऱ्यांना मूर्ती आणायची घाई असते, ती मला समजते. पण वाटेत चिपळूण किंवा संगमेश्वरला मुक्काम ठरलेला असला की मिस्टरांवर पोचण्याचा ताण राहत नाही. दमलेला ड्रायव्हर पावसापेक्षा वाईट. मुक्कामाची खोली आत्ताच बघा, त्या दिवसांत मिळत नाही.

घाटमाथा

सहमत. दुसरा पर्याय पुणे–कोल्हापूरचा. अंतर वाढतं, पण मोठा घाट एकच उतरायचा राहतो. कोल्हापुरात मुक्काम करा आणि सकाळी चौकशी करून राधानगरी, दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरा. नांदगाव तिठ्याला महामार्ग ओलांडला की देवगडचा सरळ रस्ता. पण आधी घाटमाथ्याचा इशारा बघा, लाल असेल तर कोल्हापुरातच आणखी एक रात्र काढा. त्यासाठी चतुर्थीच्या आधी एक जादा दिवस हातात ठेवूनच निघा.

राधानगरी ते दाजीपूर जंगल आहे आणि गवे रस्त्यावर येतात, विशेषतः सकाळी लवकर आणि सांजेला. एक ओलांडून गेला की लगेच गाडी पुढे काढू नका, मागून कळपातले बाकीचे येत असतात. हॉर्न न वाजवता, दिवे डिप्परवर ठेवून थांबा. ८ नंतर कोल्हापूर सोडलंत तर तो पट्टा चांगल्या उजेडात जाईल आणि जेवायला देवगडला पोचाल.